आधी तार, मग टोचणं

।। श्री ।।

अरेरा कॉलनी, भोपाळ

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

पहाटेचे पाच वाजलेत, चहाचं आधण ठेवून लिहायला बसले आहे. मागच्या अंगणात पारिजातकाचा सडा पडलाय, तो उजाडल्यावर वेचीन. त्याआधीचा हा तासभर माझा एकटीचा असतो आणि आज तो सगळा तुझ्यासाठी ठेवलाय. (तूही लहानपणी सुट्टीत आलीस की याच वेळी उठून माझ्या पदराला धरून अंगणात यायचीस, अर्धवट झोपेत, एका पायात चप्पल. वसतिगृहात आता किती वाजता उठतेस ते मी विचारत नाही.)

रविवारी फोनवर तू एका दमात सांगून मोकळी झालीस की दिवाळीला घरी यायच्या आधी कानाच्या वरच्या कडेला दोन आणि नाकाला एक अशी तीन भोकं तू एकाच दिवशी पाडून घेणार, कारण दोनाच्या पैशात तिसरं फुकट आहे. आणि वर म्हणालीस, ‘आजी, रागावू नकोस हं.’ अगं, यात रागावण्यासारखं काय आहे? कानाच्या वरच्या कडेला तुम्ही आता काहीतरी इंग्रजी नाव दिलंय, पण तिथे माझ्या आजीच्या दोन्ही कानांत बुगड्या होत्या, मोत्यांच्या, आणि त्या काढलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. पेशवाईतले पुरुषसुद्धा उजव्या कानाच्या वरच्या बाजूला भिकबाळी घालायचे. म्हणजे तू काही जगावेगळं करत नाहीयेस, घरातलीच एक सुटलेली वस्तू पुन्हा उचलते आहेस, आणि मला त्याचा आनंदच आहे.

नाकाचं मात्र मोठं गमतीचं आहे. तुला आठवतं, तू सहावीत असताना आपण सगळे सांचीला गेलो होतो? तोरणाच्या कोपऱ्यात झाडाची फांदी धरून झुललेली ती शालभंजिका, तिच्या अंगावरचे दागिने तू बोट दाखवून मोजत होतीस. दोन हजार वर्षांपूर्वीची ती बाई, हातभर बांगड्या, कमरेला मेखला, कानांत जड कुंडलं, आणि नाक अगदी मोकळं. सगळ्या तोरणांवर शोधलंस तरी नाकात काही घातलेली बाई सापडायची नाही. पुण्याच्या भांडारकर संस्थेत परशुराम कृष्ण गोडे म्हणून मोठे साक्षेपी संशोधक होते, त्यांनी १९३८च्या सुमारास नथीच्या प्राचीनतेवर एक लेख लिहिला, आणि साधारण इसवी सन १०००च्या आधी आपल्याकडे नाकातल्या दागिन्याचा पुरावा मिळत नाही असं दाखवलं. कान टोचणं मात्र फार जुनं. आपण जिला इतकी आपली म्हणतो ती नथ आपल्याकडे त्या मानानं उशिरा आली आणि मग घरचीच होऊन गेली. तुझ्या नव्या हौशीला परकं म्हणायला माझी जीभ रेटत नाही ती यामुळेच.

काळजी वाटते ती फक्त ‘एकाच दिवशी’ या शब्दाची.

माझं नाक कसं टोचलं ते तुला सांगते, निवांत ऐक. आम्ही नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ला नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातल्या कितीतरी मराठी कुटुंबांसारखं आमचंही बिऱ्हाड इथे उतरलं. मी नऊ वर्षांची. तात्या टोपे नगरातलं सरकारी घर, समोर उघडं माळरान, आणि आईला एकच घोर, की इथे आपल्या पद्धतीचं सामान मिळेल का. कान माझे बारशालाच नागपूरच्या सोनारानं टोचलेले होते, नाक राहिलं होतं. मी बारा-तेरा वर्षांची झाल्यावर आई मला चौकातल्या सराफ्यात घेऊन गेली, जामा मशिदीच्या बाजूच्या गल्लीत. दुकान कसलं, चार हात रुंदीची ओसरी. म्हातारे सोनार मान खाली घालून काम करत होते. आईला वाटलं, दहा मिनिटांत टोचून घेऊ आणि परतताना भाजी घेऊ. त्यांनी माझं नाक उजेडाकडे करून पाहिलं, माझ्या कपाळाला हात लावला, आणि आईला म्हणाले, ‘बिटिया को ज़ुकाम है, अगले हफ़्ते लाइए. और पहले तार, फिर छेद.’

आई थोडी हिरमुसली. पण पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा त्यांनी आमच्या डोळ्यांसमोर तार ओढली. आईनं दिलेला सोन्याचा तुकडा आधी काळ्या दगडावर घासून कस पाहिला, मग तो तापवला, ठोकून काडीसारखा केला, आणि पोलादाच्या एका पट्टीत मोठ्यापासून बारीकपर्यंत ओळीनं भोकं होती, त्यातून एकेक करून ओढत नेला. प्रत्येक भोकातून निघाली की तार थोडी लांब, थोडी बारीक, आणि आधीपेक्षा गुळगुळीत. मधूनमधून पुन्हा तापवायची, कारण ओढून ओढून सोनं ताठर होतं. शेवटी ती चिमटीत धरून त्यांनी आपल्या ओठावरून फिरवली. बोटाला कळत नाही इतका बारीक ओरखडा ओठाला कळतो, म्हणून. मग टोक कानशीनं अणकुचीदार केलं, ज्योतीवर धरलं, आणि माझ्या डाव्या नाकपुडीतून ती तारच आरपार नेऊन तिचा वेढा वळवला. टोचायला क्षणभर लागला, तयारीला मात्र सगळा सकाळचा वेळ. भाजी राहिलीच त्या दिवशी. मनू, ते नाक एक दिवससुद्धा चिघळलं नाही.

आपल्याकडे म्हणतात ना, सोनारानंच कान टोचावे. लोक ती म्हण भलत्याच अर्थी वापरतात, पण त्या सकाळपासून मला ती अक्षरशः खरी वाटते. जखमेत जी वस्तू राहणार आहे तिचा कस, तिची जाडी, तिचा गुळगुळीतपणा, हे सगळं जखम करायच्या आधी पाहून झालेलं असावं.

आता उलटी गोष्ट ऐक. ही सांगायला मला जरा जड जातं. १९७४ साली मी इथल्या मुलींच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवायला लागले होते. एका लग्नासाठी म्हणून हौसेनं खोट्या सोन्याचे झुमके घेतले, घाईघाईत, दिव्याच्या उजेडात. आठवडाभरात कान खाजायला लागले, मग लस येऊ लागली, खपल्या धरल्या. सगळे म्हणाले कान पिकला. दवाखान्यातून मलम आणलं, लावलं की बरं वाटायचं, झुमके घातले की पुन्हा तेच. वर्ष गेलं. आणि मग मनगटाला घड्याळाच्या बक्कलखाली तसाच चट्टा उठला तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळेतल्या मुलींकडून मी दरवर्षी निकेलची परीक्षा करून घ्यायची: डायमिथिल ग्लायॉक्झिमचा रंगहीन द्राव, त्यात अमोनियाचे थेंब, आणि निकेल असेल तर गुलाबी-लाल साका. त्याच बाटलीतले दोन थेंब कापसावर घेतले, झुमक्याची काडी अर्धा मिनिट चोळली, आणि कापूस गुलाबी झाला. मुलींना दरवर्षी शिकवत होते ते स्वतःच्या कानाला विचारायला मला वर्ष लागलं.

होतं असं, की घामातल्या मिठानं निकेल थोडं थोडं विरघळतं आणि कातडीत शिरतं. तिथल्या प्रथिनांना ते चिकटलं की शरीर त्याला शत्रू समजून त्याची नोंद ठेवतं. ही नोंद सहसा आयुष्यभर पुसली जात नाही. म्हणून आज अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीसुद्धा माझ्या चष्म्याची काडी प्लास्टिकची आहे. कातडीवरून घातलेल्या दागिन्यापेक्षा ताज्या भोकातला दागिना अधिक धोक्याचा, कारण तिथे कातडीची भिंतच उरलेली नसते. युरोपात त्यांनी १९९४ साली निकेलवर नियम केला, आणि टोचलेल्या भोकात घालायच्या काडीसाठीची आजची मर्यादा तर फारच कडक आहे: दर चौरस सेंटिमीटरमागे आठवड्याला ०.२ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. नुसत्या अंगाला लागणाऱ्या वस्तूंना मुभा ०.५ची. एवढा फरक त्यांनी उगाच ठेवलेला नाही.

तुला आईकडून कळलं असेलच, उन्हाळ्यात तू इथे विसरून गेलेला तो कानातल्यांचा बारा जोडांचा संच, गुलाबी कार्डावर टोचून आलेला, त्याचं मी काय केलं. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता कॉलेजात शिकवते, तिच्याकडून थोडासा द्राव मागवला आणि बाराही जोड कापसानं पुसले. सात जोडांनी कापूस गुलाबी केला. त्यातला जो सर्वांत पिवळाधमक होता त्याच्या काडीवरचा मुलामा फिरकीच्या जागी उडून आत करडं दिसत होतं. मुलामा हा असाच, जिथे घासतो तिथेच आधी जातो, आणि काडी तर भोकात चोवीस तास घासते. तो संच मी फेकला नाही, तुझी वस्तू आहे. कपाटात ठेवलाय, आल्यावर स्वतः पाहा.

मग घ्यायचं काय, ते सांगते. ताज्या भोकासाठी माझं पहिलं मत टायटॅनियमला. तू हसशील, आजी सोनं सोडून हे काय म्हणते. पण गुडघ्याच्या नि खुब्याच्या शस्त्रक्रियेत हाडात बसवतात त्या जातीचं टायटॅनियम असतं, त्यात साधारण ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम मिसळलेलं, निकेल नाही. त्याच्या मानकाचं नाव ‘एएसटीएम एफ-१३६’. हा क्रमांक पाठ कर, तुला पाढे पाठ करायला लावायचे तसा. नुसतं ‘टायटॅनियम’ म्हटलं की पुरत नाही, हा क्रमांक त्या मालाच्या दाखल्यावर लिहिलेला असावा, आणि चांगला दुकानदार तो दाखला विचारल्यावर कुरकुर न करता दाखवतो. वजनाला अगदी हलकं, आणि त्यावर निळा-जांभळा-सोनेरी रंग येतो तो रंगवून नव्हे. विजेचा प्रवाह देऊन वरचा ऑक्साइडचा थर कमीजास्त जाड करतात, आणि तेलाच्या तवंगावर रंग दिसतात तसे त्यावर प्रकाशाचे रंग दिसतात. रसायनाच्या बाईला याहून सुंदर दागिना कुठला, सांग.

‘सर्जिकल स्टील’ हे शब्द मात्र कार्डावर कोणीही छापतं. त्या नावाखाली बहुतेक वेळा ३१६एल पोलाद असतं, आणि त्यात १० ते १४ टक्के निकेल असतंच. ते घट्ट बांधलेलं असल्यानं कमी सुटतं, अनेकींना काही होत नाही. पण तू माझी नात आहेस, माझं रक्त तुझ्यात आहे, तेव्हा तू त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं. आणि कोणी लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही, म्हणजे निकेल नाही’ असं दाखवलं तर फसू नकोस. हे पोलाद चुंबकाला सहसा चिकटतच नाही, निकेल असूनही, किंबहुना निकेलमुळेच. चांदीही ताज्या भोकात नको, ती जखमेत काळवंडते आणि कातडीत करडा डाग कायमचा ठेवून जाऊ शकते. भोक नीट भरून आलं की तुझ्या आईच्या चांदीच्या बाळ्या खुशाल घाल.

सोन्याचं म्हणशील तर सोन्यासारखं काही नाही, फक्त ते सोनं असावं. २२ कॅरेटवर ९१६, १८वर ७५०, १४वर ५८५ असा आकडा असतो, शेजारी भारतीय मानक ब्यूरोची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एक ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३पासून त्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि ब्यूरोच्या मोबाइल ॲपवर तो क्रमांक टाकला की दागिन्याची माहिती दिसते. पण इथे एक मेख आहे, ती फार थोड्या बायकांना ठाऊक असते: दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूला हॉलमार्कची सक्ती नाही. आता नाकातली चमकी किती वजनाची असते गं? अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. म्हणजे शरीराच्या आत जाणारा जो दागिना, नेमका त्यावरच खूण नसण्याची शक्यता जास्त. म्हणून नाकातलं सोनं ओळखीच्या, पिढीजात पेढीवरून घ्यावं, कॅरेट लिहिलेली पक्की पावती मागावी, आणि शुद्धता मोजायच्या यंत्रावर आपल्यासमोर ठेवायला सांगावं. पांढरं सोनं घेशील तर त्याला पांढरेपणा कशानं आणलाय हे विचार, कारण कधीकधी तो निकेलनंच आणलेला असतो.

धातू चांगला असूनही घडण वाईट असली तर तो घातकच. काडीवर बोट फिरव, मग आमच्या त्या म्हाताऱ्या सोनारांसारखी (ओठावरून नको गं, दुकानातल्या वस्तूला ओठ लावू नये) उजेडात धरून भिंगातून पाहा. आरशासारखी लखलखीत हवी. स्वस्त दागिन्यात फिरकीचे आटे काडीच्या बाहेरच्या अंगाला असतात, ते घालता-काढताना ओल्या जखमेतून करवतीसारखे जातात. चांगल्या दागिन्यात आटे काडीच्या पोटात असतात, किंवा खड्याच्या मागची बारीक पिन नुसती दाबून बसते, आणि बाहेरून काडी सळसळीत गुळगुळीत. पहिल्यांदा मागे चपटी चकती असलेली सरळ काडीच घाल, रिंग नको. रिंग फिरत राहते आणि भरत आलेलं पुन्हा उकलते. सुरुवातीला काडी थोडी लांब देतील, सुजेला जागा हवी म्हणून. सूज उतरल्यावर त्यांच्याकडूनच ती आखूड करून घ्यायची असते, आणि हा दुसरा फेरा बहुतेक मुली चुकवतात.

त्या दोनाच्या पैशात तीनवाल्या दुकानात बंदुकीनं टोचतात ना? तू म्हणालीस ‘खटकन होतं, कळतसुद्धा नाही’. तेच मला नको. ती बंदूक बोथट काडी जोरानं घुसवते. पाळीच्या मऊ मांसाला ते कसंबसं चालतं, पण कानाची वरची कड म्हणजे कूर्चा, तिला स्वतःची रक्तवाहिनीच नसते, वरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळतं. ते आवरण चिरडलं आणि त्यात जंतू गेले तर कान सुजून लाल होतो आणि वेळेवर औषध झालं नाही तर त्याचा आकारच बसतो. प्लास्टिकची ती बंदूक वाफेच्या यंत्रात १२१ अंशांवर निर्जंतुकही करता येत नाही. त्यापेक्षा जिथे एकदाच वापरायची पोकळ सुई तुझ्यासमोर पाकीट फोडून काढतात, दागिनाही वाफेच्या यंत्रातून काढलेला असतो, हातमोजे बदलतात, आणि तू प्रश्न विचारलेस तर घड्याळाकडे पाहत नाहीत, तिथे जा. तुझ्या आत्याच्या खांद्यावर लसीच्या जागी मांस वाढून गाठ आली होती हेही त्यांना सांग. आपल्या घरात ती प्रवृत्ती आहे, आणि कानाच्या कडेला तशी गाठ उठू शकते.

तुला सुश्रुताचं दाखवायचं राहूनच जातंय. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात सोळावा अध्याय कान टोचण्याचा आहे. सहाव्या-सातव्या महिन्यात बाळाला दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावं, कान डाव्या हातानं ओढून धरावा, उन्हात धरला की पाळीत जिथून उजेड दिसतो ती देवानंच ठेवलेली जागा शोधावी, आणि तिथे उजव्या हातानं सरळ, अगदी हळूहळू टोचावं. हळू हा शब्द तिथे दोनदा येतो, मी मुद्दाम पाहिलं. मग कापसाची बारीक वात घालायची, तेल सोडायचं, आणि दर तिसऱ्या दिवशी थोडी जाड वात. वाकडी, वाईट सुई वापरली तर सूज आणि वेदना होतात असंही तिथे सांगून ठेवलंय. खेळणी द्यायला ते विसरले नाहीत याचं मला नेहमी फार अप्रूप वाटतं.

तेलाबद्दल आणि हळदीबद्दल मात्र आता माझं ऐक, आणि तुझ्या आईला हे मी सांगितलंय असं सांग. आम्ही खोबरेल लावून काडी फिरवत बसायचो, कोणी भोकात कडुनिंबाची काडी, कोणी हिराच्या झाडूची काडी घालायचं. ते आता नको. फिरवलं की आतली कोवळी कातडी फाटते, तेलावर धूळ बसते. निर्जंतुक सलाइननं दिवसातून दोनदा धुवायचं, मऊ कागदानं टिपायचं, आणि हात लावायचा नाही. पू आला, ताप आला तर स्वतःच्या मनानं दागिना ओढून काढू नकोस, वरून भोक मिटतं आणि आत कोंडतं. सरळ त्वचेच्या डॉक्टरांकडे जा.

आणि आता वेळेचा हिशोब. कानाची पाळी सहा ते आठ आठवड्यांत बरी होते, नाकाला चार-सहा महिने लागतात, कानाच्या वरच्या कडेला सहा महिने ते वर्ष. दादाचं लग्न माघात. दिवाळीच्या तोंडावर नाक टोचलंस तर लग्नाला जेमतेम तीन-साडेतीन महिने झालेले असतील, त्यात पणजीची मोत्यांची नथ अडकवायची म्हणजे सगळं फाडून घेणं. म्हणून मी असं मनात आणलंय: दिवाळीच्या सुट्टीत कानाला एकच, एकाच बाजूला, म्हणजे दुसऱ्या कुशीवर झोपायला मोकळी राहशील. लग्नात माझी चापाची नथ घाल, ती मी पॉलिश करून ठेवते. लग्नाचा शीण उतरला की नाक. आणि कानाचं दुसरं, पहिलं पुरतं भरून आल्यावर, पुढल्या दिवाळीला. तुला फार वाटेल हे, वर्ष! एकोणिसाव्या वर्षी वर्ष केवढं मोठं असतं ते मी विसरलेले नाही.

पैशाचं मनात आणू नकोस. पेन्शन आली की मी दर महिन्याला थोडे पैसे चहाच्या जुन्या डब्यात टाकते, तुझ्या आईच्या लग्नाआधीपासूनची सवय. तुझ्या पहिल्या काडीचे पैसे त्यातून निघतील. तूही तुझ्या खर्चातून तेवढेच बाजूला टाक, म्हणजे दोघींची मिळून ती वस्तू होईल. तीन हलक्या घेण्यापेक्षा एक घ्यावी आणि दहा वर्षं वापरावी. माझ्या नाकातली ती पहिली तार अजून कुंकवाच्या जुन्या डबीत आहे, वेढा थोडा उकललाय, बाकी तशीच पिवळी. परवा भिंगाखाली धरून पाहिली, एक ओरखडा नाही.

काडी ठरवलीस की घ्यायच्या आधी दाखल्याचा फोटो मला पाठव. रात्री पाठवू नकोस, मी झोपलेली असते. पहाटे पाचनंतर केव्हाही पाठव, भिंग जवळच असतं.

तुझी
आजी

ता. क. कुठल्या कुशीवर झोपतेस ते दोन-तीन रात्री नीट पाहून कळव, मगच कुठला कान ते ठरवू. तुझी आई म्हणते डावी. माझ्याजवळ निजायचीस तेव्हा तर नेहमी उजवी असायची, माझ्याकडे तोंड करून.